कॉट नंबर चौदाचं पाणी

बाटली गरम होती.

आमच्या खिडकीत बाटल्या यायच्या त्या थंड होऊन. वॉर्डातून निघालेला नातेवाईक आधी चहा पितो, मग रस्ता विचारतो, तरीही चुकतो, एक्स-रेच्या रांगेत उगाच उभा राहतो आणि तासाभराने लॅबसमोर उगवतो. ही बाटली मात्र अंगाची ऊब घेऊनच आली होती.

“भावाचं पानी हाय,” खिडकीपलीकडून आवाज आला. “पोटातलं. कॉट नंबर चौदा.”

मी तेव्हा मिरजेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात टेक्निशियन होते. साल चौऱ्याण्णव, ऑगस्ट महिना. लॅबच्या खिडकीची वरची काच पांढऱ्या रंगाने रंगवून टाकलेली होती, कारण लोक आत डोकावून रक्त बघायचे आणि तिथेच चक्कर येऊन पडायचे. खाली वीतभर फट. तिच्यातून बाटल्या आत यायच्या आणि कागद बाहेर जायचे. त्यामुळे माझ्या ओळखीचे होते ते सगळे हात. चेहऱ्यांशी माझा संबंध नव्हता, आणि मला तो नकोच होता. एक्केचाळीस वर्षांची बाई, लग्न झालेलं नाही, भाड्याची एक खोली, संध्याकाळी रेडिओ. माणसांपेक्षा बाटल्या बऱ्या, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

वॉर्डबॉय कमी, म्हणून तपासणीचे नमुने नातेवाइकांनीच खाली आणून द्यायचे ही आमच्याकडची रीत. मी वही पुढे ओढली.

“पेशंटचं नाव?”

“इराप्पा म्हेत्रे. इचलकरंजी.”

“आणि तुमचं?”

जरा थांबून उत्तर आलं, “बसाप्पा. भाऊ.”

फटीत दोन हात टेकले होते. बोटं बारीक, नखांच्या कडांना जुनं काळं तेल, अंगठ्यावर कापल्याची खूण. तळवे लालसर. यंत्रमागावरचा माणूस दिसतोय, सुताचा रंग लागला असेल, असं मला वाटलं.

“ह्या पान्यात काय बघता, बाई?”

वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे ते एकच, कागद कधी मिळेल. त्यामुळे मी फुशारले आणि भडाभडा सांगत सुटले. तुमच्या भावाचं लिव्हर खराब झालंय, म्हणून पोटात पाणी साठतं. पण ते नुसतं लिव्हर झिजल्यामुळे साठलं की लिव्हरला कॅन्सर झाल्यामुळे, हे कळायला हवं. सोनोग्राफीत सगळंच लिव्हर गाठीगाठीचं दिसतंय, त्यातली वाईट गाठ कुठली ते कळत नाही. आमचे डॉक्टर नाडगौडा ह्याच्यावरच अभ्यास करतायत, की पाण्यातूनच ते ओळखता येईल का. पाण्यात एक पदार्थ शोधायचा, एएफपी म्हणतात त्याला. आईच्या पोटातल्या बाळाचं लिव्हर तो तयार करतं. बाळ जन्मलं की थोड्याच दिवसांत ते काम बंद होतं. मोठ्या माणसात तो पुन्हा भरपूर दिसायला लागला, तर समजायचं, लिव्हरला कॅन्सर आहे.

“म्हंजे म्हाताऱ्याचं लिवर पुन्ना बाळ व्हतंय म्हना की!” तो हसला. “आनि कवा कळंल?”

“प्लेट भरली की.”

हे मात्र त्याला समजावणं जड गेलं. ती तपासणी एकेकट्याची करता येत नसे. शहाण्णव खळग्यांची एक प्लेट असते. एकदा उघडली की सगळी वापरायची, आणि प्लेट महाग. म्हणून नमुने फ्रीजरमध्ये साठवायचे, चाळीस झाले की प्रत्येकाला दोन खळगे धरून एकदम लावायचे. त्या दिवशी माझ्याकडे बावीस होते, हा तेविसावा.

“म्हंजे अजून सतरा मानसांची पोटं फुगायला पायजेत,” तो म्हणाला.

“हो, तसंच.”

“मग काय, बसतो वाट बघत.” हात फटीतून मागे गेले, परत आले. “बाई, जरा बेगीनं झालं तर बरं हुईल. त्याची एक पोरगी हाय, निपानीला दिलीया. नऊ वर्सं बोलनं न्हाई. तिला आता गाठायचं का न्हाई, ते ह्या बाटलीवर हाय.”

मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तो पुन्हा आला. मी नेमकी चौदा नंबरचीच स्लाईड बघत होते. पाणी मशीनमध्ये फिरवून खाली बसलेला गाळ काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि त्यात वाईट पेशी शोधायच्या. मी अर्धा तास काच इंचाइंचाने सरकवली. एकही नव्हती.

आता नियम असा, की तोंडी काहीही सांगायचं नाही. सांगायचं ते डॉक्टरांनी, आणि तेही नातेवाइकांना. दुसरं म्हणजे, लिव्हरचा कॅन्सर लिव्हरमध्येच दडून बसतो, त्याच्या पेशी पाण्यात क्वचितच उतरतात. स्लाईड स्वच्छ निघाली म्हणजे काही नाही असं मुळीच नसतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. लॅबमधल्या शिकाऊ पोरींना शिकवायचे मी ते.

“काय दिसतंय का?” त्याने विचारलं.

आणि मी म्हटलं, “नाही हो. चोख आहे पाणी. वाईट पेशी एकही नाही.”

का म्हटलं? कुणालातरी चांगली बातमी द्यावीशी वाटली, एवढंच. आजवर माझ्या हातून नुसते कागद गेले होते.

मग त्याने फटीतून हात आत घालून टेबलावर दोनदा थाप मारली, जशी घोड्याच्या पाठीवर मारतात तशी, आणि निघून गेला.

त्यानंतर तो रोजच यायला लागला. भाऊ झोपतो तेवढ्यात खाली येतो, म्हणायचा. दोघंही जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती करणारे. एकदा माझं नळ्या फिरवायचं मशीन चालू होतं, तर बाहेरून म्हणाला, “बाई, ते एका अंगाला ओढतंय बघा. समोरासमोरचं वजन सारखं न्हाई.” बघितलं तर खरंच एक नळी अर्धीच भरलेली. नुसत्या आवाजावरून ओळखलं गड्याने. मी त्याला फटीतून कपभर चहा दिला. मग रोज तीनला दोन कप चहा व्हायला लागला. तो बाहेर उभ्याने प्यायचा, मी आत.

भावाबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. पोरीने, महादेवीने, आपल्या मनाने लग्न केलं. वर्षभराने तान्हं पोर घेऊन बापाच्या दारात आली, तर बापाने आतून कडी लावली. तासभर बसली उंबऱ्याबाहेर. पोर रडत होतं, गल्ली बघत होती.

“आणि हा आत काय करत होता?” मी विचारलं.

“आत बसून ऐकत हुता.”

“दगड आहे तुमचा भाऊ.”

“व्हय,” तो म्हणाला. “त्याला कुनीतरी हे तोंडावर म्हनायला पायजे हुतं.”

मध्ये एकदा पुन्हा पाणी काढलं, पुन्हा गरम बाटली आली. त्याला यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी मी आता घड्याळाकडे बघायला लागले होते. खोलीवर गेल्यावर आज काय बोलणं झालं ते आठवत भाकरी थापायचे. स्वतःशीच हसायचे. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

सप्टेंबरच्या आठ तारखेला चाळिसावा नमुना आला. मी प्लेट लावली. शेवटचं द्रावण घातलं की ज्या खळग्यात एएफपी असतं तो पिवळा होतो, जितकं जास्त तितका गडद; चहा पिताना त्यालाही मी हे सांगितलं होतं. कॉट चौदाचे दोन खळगे शेजारीशेजारी होते. हळदीसारखे पिवळे झाले. मशीनने आकडाच दिला नाही, मोजपट्टीच्या वर गेला होता. त्याच प्लेटमध्ये मी तोच नमुना दहापट पातळ करूनही लावला होता. तरीही वरच.

मी डॉक्टर नाडगौडांच्या खोलीत गेले. त्यांनी आकडे बघितले, चष्मा काढला, डोळे चोळले.

“वाटलंच होतं मला. पण सांगायचं कुणाला? त्या माणसाला तर कुणीच नाही.”

“भाऊ आहे ना, सर. बसाप्पा. रोज येतो माझ्याकडे.”

“कोण भाऊ?” ते म्हणाले. “महिना झाला मी नातेवाईक शोधतोय. भाऊ होता, तो बारा वर्षांपूर्वीच वारला. कारखान्यातला एक जण मध्ये एकदा येऊन गेला, बाकी कुणी नाही.”

“मग बाटल्या कोण आणतं?”

“तोच आणतो. पाणी काढलं की हलकं वाटतं त्याला. सिस्टरनी नको म्हटलं तरी उठतो आणि घेऊन येतो.”

लिव्हरच्या आजाऱ्याचे तळवे लाल होतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. महिनाभर ते तळवे माझ्या टेबलावर टेकलेले होते आणि मी सुताचा रंग म्हणून बसले होते. पेशंटला कुणी खरं सांगत नाही, नातेवाइकाला सांगतात. हे त्या माणसाने ओळखलं होतं, आणि स्वतःचाच नातेवाईक होऊन आला होता.

“मी जाते, सर,” मी म्हटलं.

कॉट चौदा भिंतीकडेची होती. चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. साठीचा माणूस, गालफडं बसलेली, डोळे पिवळे, पोट पुन्हा चादरीखाली वर आलेलं. हात तेवढे ओळखीचे.

“इराप्पा,” मी म्हटलं.

आवाज ऐकताच तो उठून बसायला लागला. “बाई? तुमी वर आलात?” मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. “भरली जनू प्लेट.”

“भरली.”

“पिवळी?”

मी मान डोलावली. स्टूल ओढून बसले आणि एकदम रडू यायला लागलं. “मी तुम्हाला चोख आहे म्हणाले. ते सांगायला नको होतं मी. त्या काचेवरून काही कळत नाही, मला माहीत होतं.”

“असू द्या, बाई,” तो म्हणाला. त्याने उशीखालून एक पोस्टकार्ड काढलं. “हे वाचा. परवा कारखान्यातल्या गड्यानं आनून दिलं.”

महादेवीचं कार्ड होतं. वर निपाणीचा पत्ता. ‘तुमचं पत्र पोचलं. तब्येत बरी आहे वाचून बरं वाटलं. पुढच्या महिन्यात येतो म्हणता, पण आत्ता पोरांच्या परीक्षा आहेत, ह्यांना सुट्टी नाही. नऊ वर्षं गेली तशी दिवाळीपर्यंत जाऊ द्या. दिवाळीला या. थोरला विचारतो आजोबा कसे दिसतात. आमच्याकडे दार लावायची पद्धत नाही. महादेवी.’

“मी ठरवलं हुतं,” इराप्पा म्हणाला. “त्यो रोग असंल तर पोरीला कळवायचंच न्हाई. मरायला टेकला तवा बाप आठवन काढतोय, असं तिनं म्हनू ने. आनि साधं दुखनं असंल तर कळवायचं, बरं हुऊन जायाचं. तुमी चोख म्हनलात, त्याच सांजंला कार्ड लिवलं.”

मला वाटत होतं उलट. मला वाटत होतं, रोग निघाला तर तो पोरीला बोलावणार.

“आता मी लिहिते तिला,” मी म्हटलं. “आजच लिहिते. दिवाळीपर्यंत नका थांबू म्हणून.”

“न्हाई.” त्याने माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं. “माझं कार्ड लिवलं तवा मी मरत नव्हतो, बाई. मरत नसलेल्या बापाला तिनं ये म्हनलंय. ते तसंच ऱ्हाऊ द्या. तुमी लिवलंत तर सगळंच खोटं पडंल.”

मी खूप समजावलं. तो तोंड भिंतीकडे करून पडून राहिला. दगडच.

त्या दिवसापासून ड्यूटी संपली की पाच वाजता मी वर जायला लागले. अळणी जेवण त्याच्या घशाखाली उतरायचं नाही, म्हणून मी घरून ताकातली भाकरी कुस्करून न्यायचे. “काय म्हणतो तुमचा भाऊ?” मी विचारायचे. “झोपलाय, त्याला उठवू नका,” तो सांगायचा. मग दोघंही हसायचो. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या बायकोने विचारलं, तुमचे कोण लागतात? मी म्हटलं, ओळखीचे आहेत. शेवटच्या आठवड्यात तो बरळायला लागला, दिवस-वार विसरला. एकदा मलाच महादेवी समजून म्हणाला, “आत ये, पोर भिजंल.” मी आलेच की आत, म्हटलं.

तीस सप्टेंबरला पहाटे तो गेला. लिंगायत मठातले चार लोक आले, त्यांनी माती दिली. बायका तिथपर्यंत जात नाहीत, म्हणून मी फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन खिडकीत बसले. तीन वाजले तेव्हा सवयीने दोन कप काढले.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. खिडकीत बायकी हात आला, बांगड्या भरलेला. “दाभाडेबाई इथंच असत्यात का?”

मी बाहेर गेले. तिशीची बाई, हातात पिशवी, पिशवीत फराळाचा डबा. वाट बघून बघून बाप आला नाही म्हणून रागावून इचलकरंजीला गेली होती. तिथे शेजाऱ्यांनी सांगितलं. वॉर्डातल्या सिस्टरने माझं नाव दिलं.

आम्ही बाकावर बसलो. ती रडत नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होती.

“एक विचारते. खरं सांगायचं. मला कार्ड लिवलं, तवा त्यांना ठावं हुतं?”

“नाही.”

“मरायला लागलो म्हनून नव्हं ना आठवन काढली?”

“अजिबात नाही. तेव्हा तपासणी व्हायची होती. काही नाही, सगळं चोख आहे, असं मीच सांगितलं होतं त्यांना. बरं होऊन तुझ्याकडे यायचं म्हणूनच त्यांनी लिहिलं.”

तिने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. “म्हंजे मनानं लिवलं.”

“मनानंच.”

क्षणभर मला फार बरं वाटलं. माझ्या चुकीचं काहीतरी सोनं झालं, असं वाटलं.

मग तिने विचारलं, “आनि रोग हाय ते कवा कळलं?”

“आठ सप्टेंबरला.”

“ते गेले कवा?”

“तीसला.”

“माझा पत्ता तुमाला ठावा हुता?”

“तुझ्या कार्डावर होता.”

तिने बोटाच्या पेरांवर दिवस मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

“बावीस दिस,” ती म्हणाली. “निपानीहून एस.टी. अडीच तासांत येती इथं, बाई.”

मी म्हटलं, “त्यांनीच नको म्हटलं होतं. हट्टच धरला.”

“ते जन्माचे हट्टी हुते,” महादेवी म्हणाली. “तुमी तर शान्या हुता.”

ती उठली, पिशवी उचलली आणि फाटकाकडे चालायला लागली. डबा तसाच घेऊन गेली. मी तिला हाक मारली नाही.

आज ह्याला तीस वर्षं होत आली. तिला जे सांगितलं नाही ते एवढंच, की तिला पाठवायचं कार्ड मी आणलं होतं. पत्ता घातला होता, मजकूर लिहिला होता, ‘ताबडतोब निघून ये’ ह्या शब्दांखाली रेघही मारली होती. तो जाईपर्यंत नऊ दिवस ते माझ्या पर्समध्ये होतं आणि पोस्टाची पेटी फाटकालाच लागून होती. इराप्पाचा शब्द मोडायचा नाही, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नव्हतं. महादेवी आली असती तर कॉटशेजारच्या स्टुलावर ती बसली असती, आणि तिनेच बसायला हवं होतं. पण मग रोज पाच वाजता मी कुठे गेले असते?